रोबो येण्याआधी मुलांशी बोलून ठेवा

पालकहो, दुकानात, स्टेशनात, दवाखान्यात यंत्रमानव दिसणं आपल्या मुलांना नवलाचं राहणार नाही, हे आता धरूनच चालू या. सुरुवात झालीच आहे. कोरोनाच्या काळात, जून २०२० मध्ये, मध्य रेल्वेच्या सुरक्षा दलानं पुणे स्टेशनवर 'कॅप्टन अर्जुन' नावाचा रोबो ठेवला. तो प्रवाशांचा ताप बघायचा, गर्दीवर नजर ठेवायचा आणि काळजी घ्या म्हणून सांगायचा.

रोबोचा विषय निघाला की पालक पहिल्यांदा विचारतात ते नोकऱ्यांचं. ती काळजी खरी आहे. १८७७ ची जुनी मिल, हातमागाच्या जागी आलेला यंत्रमाग, मग बंद पडलेल्या गिरण्या, हे सगळं सोलापूरच्या घराघरांनी सोसलं आहे. पण आज मला बोलायचं आहे ते मुलांच्या वागण्याबद्दल.

जपानमध्ये ओसाकाच्या एका मॉलमध्ये संशोधकांनी 'रोबोव्ही' नावाचा रोबो लोकांमधून फिरवला. लहान मुलं त्याची वाट अडवायची. तो वाट द्यायची विनंती करायचा, तरी ती हटायची नाहीत. पुढे वाईटसाईट बोलणं, लाथा मारणं सुरू झालं. आईवडील जवळ नसले आणि मुलं घोळक्यात असली, की हे जास्त व्हायचं. शेवटी संशोधकांनी रोबोलाच पळ काढायला शिकवलं. साधारण एक मीटर चाळीस सेंटिमीटरपेक्षा कमी उंची दिसली की ते मूल समजायचं आणि सरळ मोठ्या माणसांकडे जायचं. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. नंतर त्रास देणाऱ्या मुलांशी ते बोललेही. गंमत वाटली, बाकीचे करत होते म्हणून केलं, अशी त्यांची कारणं होती. आणि आपण त्रास देतोय हे रोबोला कळतं, असं त्यातल्या निम्म्या मुलांना वाटत होतं.

मला हेच फार लागलं. यंत्राला काही दुखत नाही. पण समोरच्याला कळतंय असं वाटत असूनही मुलाची लाथ थांबली नाही, ही गोष्ट आईबापांनी मनावर घ्यायलाच हवी. आणि मुलांना आवरायला जवळ मोठं माणूस असावं लागतं, हे तर त्या संशोधकांनी यंत्रातच भरलं.

आता आपल्या सोलापूरच्या नवी पेठेकडे या. सणाच्या आधी तिथे पाय ठेवायला जागा नसते. दुकानातला माणूस माळ्यावरून खोके काढतो, घडी मोडतो, पुन्हा घालतो. आपण मोबाइलमधून मान वर न करता म्हणतो, "ए, दुसरा दाखव." तो आपल्या वडिलांच्या वयाचा असतो. मूल शेजारी उभं राहून ऐकतं. उद्या न थकणारं, न रागावणारं यंत्र त्या जागी आलं, तर त्याला हुकूम सोडण्याची सवय मुलाला किती सहज लागेल! तीच जीभ मग माणसांवरही चालेल, याची मला भीती वाटते.

दुसरं असं, की पेठेत मूल बरंच काही नकळत शिकतं. दुकानदार आपल्याशी मराठीत बोलता बोलता आतल्या माणसाला तेलुगूत सांगतो, शेजारची बाई कन्नडमध्ये भाव करते. मूल थांबायला शिकतं, चेहरा वाचायला शिकतं, कुणाला काका म्हणायचं, कुणाला अक्का, हे शिकतं. यंत्र त्याच्याच भाषेत झटकन उत्तर देईल. सोय होईल, पण दुसऱ्याचं बोलणं समजून घ्यायची गरजच उरणार नाही.

मी यंत्राच्या विरोधात नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यावर २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी माणसं उतरतात आणि मरतात. केरळमध्ये २०१८ साली मॅनहोल साफ करणारा 'बँडिकूट' हा रोबो कामाला लागला. असं यंत्र प्रत्येक गल्लीत यावं. तिथे माणूस वाचतो. दुकानाच्या दाराशी 'या, बसा' म्हणणाऱ्याची जागा मात्र मी यंत्राला इतक्या सहज देणार नाही.

म्हणून मुलांशी आधीच बोला. "याला दुखतं का?" असं विचारलं तर खरं सांगा: नाही, हे यंत्र आहे, तरी याला मारायचं नाही, आणि याची वाट अडवायची नाही. हे काम आधी कोण करत होतं, तेही सांगा. आजीला यंत्राचं बोलणं उमगलं नाही, तर तिला समजावून द्यायचं काम नातवाकडे सोपवा.

आणि पुढच्या खरेदीला नवी पेठेत गेलात, की मोबाइल खिशात ठेवा. "काका, याचा भाव काय?" हे मुलाला स्वतः विचारू द्या. निघताना त्या काकांचे आभार आधी तुम्ही माना, त्याच्यासमोर.