पेंड कुठली, ते आधी विचारा

कुंड्या बदलताना कुत्र्या-मांजरांना जपा म्हटलं की जो तो विषारी झाडांची नावं सांगतो. आमच्या वाघ्याला झाडाने काही केलं नाही. त्याला आडवं पाडलं ते खताने, तेही ‘शंभर टक्के सेंद्रिय’ म्हणून विकलेल्या.

नेकनूरच्या आठवडी बाजारात टेम्पो लावणाऱ्या एका रोपवाल्याकडून ते घेतलं होतं. घरात कुत्रं आहे, चालेल का, असं मी स्पष्ट विचारलं. ‘लेकरानं खाल्लं तरी काही होत नाही ताई,’ असं तो म्हणाला. शेजारच्या भाजीवालीनेही ऐकलंय.

मनीप्लँट मोठ्या कुंडीत लावला आणि दुपारी वाघ्याने ती उकरली. वेलाच्या पानाला दात लागलेला नाही, खत तेवढं चाटून साफ! संध्याकाळपर्यंत तो बरा होता. रात्री उलट्या सुरू झाल्या, पहाटे रक्ताची हगवण. घरातले म्हणत होते, उष्णतेने झालं असेल, ताक पाजा. मी ऐकलं नाही. मांजरसुंब्यावरून बीड गाठलं, निघताना खताची पिशवीही गाडीत टाकली.

डॉक्टरांनी मूठभर खत कागदावर पसरलं आणि नखाने टरफलाचे बारीक तुकडे बाजूला काढले. तपकिरी, वरून ठिपकेदार. ‘ही एरंडीची पेंड.’ एरंडीतलं रिसिन हे विष तेलात उतरत नाही, मागे चोथ्यात राहतं. नीट उष्णता दिली नाही तर पेंड विषारीच. त्यावर उतारा नाही. सलाइन लावायचं आणि वाट बघायची.

राग मला पेंडीचा नाही. पिकाला ती चांगलीच. पण आपल्याकडचा शेतकरी ती बैलापुढे टाकत नाही, आणि शेतकऱ्याच्याच घरात वाढलेल्या या माणसाला ते ठाऊक नव्हतं, असं मला कुणी सांगू नये. फोन केला तर म्हणतो, ‘समदेच टाकतेत. कुत्रं बांधून ठेवायचं ना!’

वाघ्या वाचला. आता ज्यांच्या घरी मुकं जनावर आहे त्यांच्यासाठी.

खत घेताना ‘सेंद्रिय आहे का’ असं विचारू नका, ‘एरंड पेंड आहे का, हाडांचा चुरा आहे का’ असं नाव घेऊन विचारा. दोन्हींच्या वासाला कुत्रं येतंच. मी आता कुजलेलं शेणखत आणि गांडूळखत यांच्यापलीकडे जात नाही. वाळवी-हुमणीसाठी कुणी थायमेटचे दाणे मातीत टाकायला सांगेल, तर त्याला हात जोडा. त्यातल्या फोरेटवर 2020 च्या अखेरीपासून देशात बंदी आहे, पण जुनी पुडी कुणाच्या तरी माळ्यावर निघतेच.

माती कालवताना जनावर दुसऱ्या खोलीत कोंडा, सांडलेलं लगेच झाडून घ्या, उरलेलं झाकणाच्या डब्यात ठेवा. कुंडीवर मोठे गोटे रचा. ताटलीत साचलेलं पाणी ओतून द्या. झाडांचं म्हणाल तर मनीप्लँट आणि डिफेनबेकिया चावले तर तोंड सुजतं, लाळ गळते. कण्हेर आणि सायकस त्याहून वाईट. लिली मांजराच्या मूत्रपिंडावर उठते, तिचे नुसते पराग चाटले तरी.

आणि काही खाल्ल्याची शंका आली तर लक्षणांची वाट पाहू नका, एरंडीची लक्षणं कधी दुसऱ्या दिवशीही दिसतात. उलटी काढायला मिठाचं पाणी पाजू नका, त्याने आणखी बिघडतं. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, नाहीतर फिरत्या पथकासाठी 1962 लावा. खाल्लेलं खत सोबत न्यायला विसरू नका.

रोपवाल्यांना एवढंच म्हणणं आहे: पेंड खुशाल विका, पण पिशवीवर तिचं नाव लिहा. दोनच शब्द आहेत.