वकिलीची सनद

प्रस्तावना

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिच्यात थट्टा आहे, तशी भीतीही आहे. तरीही जमिनीची वाटणी, थकलेले भाडे, अपघाताची भरपाई किंवा खोटा आरोप यांमुळे ही पायरी चढण्याची वेळ कोणावरही येऊ शकते. अशा वेळी माणूस एका अनोळखी व्यक्तीच्या हाती आपली कागदपत्रे सोपवतो, घरातल्या कोणाला न सांगितलेल्या गोष्टी तिला सांगतो आणि वकीलपत्रावर सही करतो किंवा अंगठा उठवतो. एवढा विश्वास तो कशाच्या आधारावर टाकतो? या प्रश्नाचे उत्तर एका कागदात आहे. त्याचे नाव ‘सनद’. ही सनद कोण देते, कोणाला देते आणि ती काढून कोण घेऊ शकते, याची माहिती या पाठात दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• भारतातील वकिली व्यवसायाच्या नियमनाची वाटचाल सांगणे;
• सनद मिळवण्याच्या अटी स्पष्ट करणे;
• वकिलाची पक्षकाराविषयीची कर्तव्ये ओळखणे;
• गैरवर्तनाविरुद्ध तक्रार करण्याचा मार्ग सांगणे;
• कायदेविषयक मराठी शब्दांचा योग्य वापर करणे.

मूळ पाठ

१. अनेक दारे, अनेक अडसर

इंग्रजी राजवटीच्या प्रारंभी वकिलीचा व्यवसाय एकसंध नव्हता. १७७४ मध्ये कोलकात्यात स्थापन झालेल्या सर्वोच्च न्यायालयात ब्रिटनमधून आलेल्या बॅरिस्टर व ॲटर्नी यांनाच स्थान होते. कंपनीच्या न्यायालयांत देशी वकील काम करीत. त्यांच्यासाठी बंगालमध्ये १७९३ साली नियम झाले. १८६२ मध्ये मुंबई, कोलकाता व मद्रास येथे उच्च न्यायालये सुरू झाली आणि १८७९ मध्ये विधिव्यवसायी कायदा आला. पण भेद संपले नाहीत. बॅरिस्टर, वकील, प्लीडर, मुखत्यार असे अनेक वर्ग होते. प्रत्येकाचे अधिकार निराळे होते आणि प्रत्येकाच्या प्रवेशाचे दारही निराळे होते.

काहींना तर कोणतेच दार उघडे नव्हते. नाशिक येथे १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्ड येथे कायद्याची परीक्षा दिली. तेथे ती परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या महिला होत्या. मात्र केवळ स्त्री असल्यामुळे त्यांना वकील म्हणून नोंदणी मिळत नव्हती. १९१६ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने दुसऱ्या एका विधिपदवीधर स्त्रीची नोंदणीही याच कारणावरून नाकारली. सोराबजी यांना १९२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात प्रवेश मिळाला. त्यानंतर १९२३ च्या कायद्याने, केवळ स्त्री आहे म्हणून कोणालाही वकिली नाकारता येणार नाही, असे ठरले. ऑक्सफर्डच्या परीक्षेपासून या कायद्यापर्यंत एकतीस वर्षे गेली होती.

त्याच १९२३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर होऊन मुंबईस परतले होते. विद्वत्ता होती, पदव्या होत्या. परंतु सनदेचे शुल्क भरण्यास हाताशी पैसे नव्हते. तेव्हा त्यांचे मित्र नवल भथेना मदतीस धावून आले. योग्यता असूनही पैशाअभावी माणूस दाराबाहेर राहू शकतो, हे या प्रसंगावरून दिसते. हा प्रश्न पुढे शंभर वर्षांनंतरही उभा राहणार होता.

२. एक देश, एक नामावली

स्वातंत्र्यानंतर या विखुरलेल्या व्यवस्थेचा विचार करण्यासाठी १९५१ मध्ये न्यायमूर्ती एस. आर. दास यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. साऱ्या देशासाठी वकिलांचा एकच वर्ग असावा, अशी शिफारस तिने १९५३ मध्ये केली. त्यातून पुढे अधिवक्ता अधिनियम, १९६१ हा कायदा झाला. या कायद्याने जुने वर्ग मागे पडले आणि ‘अधिवक्ता’ हा एकच वर्ग उरला. त्यात ‘ज्येष्ठ अधिवक्ता’ आणि ‘अन्य अधिवक्ता’ एवढाच भेद ठेवण्यात आला.

या कायद्याने दोन पातळ्यांवर परिषदा निर्माण केल्या. राज्य पातळीवर राज्य विधिज्ञ परिषद असते. लोक तिला ‘बार कौन्सिल’ म्हणतात. तिचे सदस्य वकीलच मतदानाने निवडतात. महाराष्ट्र व गोवा यांची परिषद एकच आहे. दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हे प्रदेशही तिच्याच कक्षेत येतात. देशपातळीवर भारतीय विधिज्ञ परिषद आहे. प्रत्येक राज्य परिषदेने निवडून दिलेला एक सदस्य तीत असतो. भारताचे महान्यायवादी आणि महान्यायअभिकर्ता हे पदसिद्ध सदस्य असतात.

वकिलाचे नाव एका वेळी एकाच राज्याच्या नामावलीत असू शकते. मात्र देशातील सर्व न्यायालयांत व्यवसाय करण्याचा हक्क देणारे या कायद्याचे कलम ३० प्रत्यक्ष अमलात आले ते १५ जून २०११ रोजी. कायदा होऊनही त्यातील एका कलमाला पन्नास वर्षे वाट पाहावी लागली!

३. सनद कोणाला मिळते?

नोंदणीसाठी अर्जदार सामान्यतः भारताचा नागरिक असावा लागतो. त्याचे वय किमान एकवीस वर्षे असावे लागते आणि भारतीय विधिज्ञ परिषदेने मान्य केलेली कायद्याची पदवी त्याच्याकडे असावी लागते. पदवीनंतर तीन वर्षांचा किंवा बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून ही पदवी मिळते. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या व्यक्तीस ठरावीक काळ नोंदणी मिळत नाही. खोटी माहिती देऊन मिळवलेली नोंदणी रद्द करता येते.

दूरस्थ पद्धतीने बारावी किंवा पदवी संपादन केलेली व्यक्तीही कायद्याच्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशास पात्र ठरू शकते, हे परिषदेच्या २००८ च्या शिक्षणविषयक नियमांत नमूद आहे. मात्र शिक्षणाच्या आधीच्या पायऱ्या रीतसर पार केलेल्या असाव्या लागतात. कायद्याची पदवी मात्र दूरस्थ पद्धतीने घेतलेली चालत नाही. ती नियमित वर्गात शिकूनच मिळवावी लागते.

पदवी हाती आली की काम संपत नाही. परिषदेने २०१० मध्ये अखिल भारतीय विधिज्ञ परीक्षेची योजना आणली आणि २०११ मध्ये पहिली परीक्षा झाली. अशी परीक्षा घेण्याचा परिषदेला अधिकार आहे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १० फेब्रुवारी २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने परिषदेच्या बाजूने निर्णय दिला.

शुल्काचा प्रश्न याहून बोचरा होता. कायद्यात नोंदणीशुल्क ७५० रुपये आहे : ६०० रुपये राज्य परिषदेसाठी व १५० रुपये भारतीय परिषदेसाठी. अनुसूचित जाती व जमातींच्या उमेदवारांसाठी ते १२५ रुपये आहे. प्रत्यक्षात अनेक राज्य परिषदा निरनिराळ्या नावांनी हजारो रुपये घेत. काही ठिकाणी ही रक्कम चाळीस हजारांपुढे गेली होती. नुकताच पदवीधर झालेला, मिळकत सुरू न झालेला तरुण हे पैसे कोठून आणणार? ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा अधिक शुल्क नोंदणीच्या वेळी घेता येणार नाही. हा निर्णय पुढील काळासाठी लागू झाला. आधी घेतलेले पैसे परत देण्यास परिषदांना सांगण्यात आले नाही. व्यवसायाचे दार अपात्रांसाठी बंद असावे, पण गरिबांसाठी नसावे, हा या निर्णयाचा आशय आहे.

४. सनदेबरोबर येणारी बंधने

सनद हा जसा हक्क आहे, तसे ते बंधनही आहे. वकिलाने पक्षकाराची गुपिते उघड करू नयेत. एका पक्षाची बाजू घेतल्यावर त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाचे काम करू नये. ‘दावा जिंकलात तर मिळालेल्या रकमेत माझा वाटा’ असा करार त्याला करता येत नाही. जाहिरातबाजी करून कामे मिळवणेही निषिद्ध आहे. २००८ पासून संकेतस्थळावर स्वतःची मोजकी माहिती देण्याची मुभा मात्र मिळाली.

कामे मिळवण्याच्या धडपडीचे एक प्रकरण मुंबईत घडले होते. दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांच्या दाराशी काही वकील उभे राहत आणि पक्षकार दिसताच त्याच्याकडे धाव घेऊन त्याचे काम मिळवण्यासाठी आपसांत झोंबाझोंबी करीत. महाराष्ट्राच्या परिषदेने त्यांच्यावर कारवाई केली. १९७५ मध्ये हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. वकिली हा बाजारातला धंदा नव्हे, हे न्यायालयाने कठोर शब्दांत सुनावले. न्यायालयाच्या आवारातील दलालांविषयीची जुनी तरतूद २०२३ च्या दुरुस्तीने अधिवक्ता अधिनियमात समाविष्ट झाली.

शुल्क थकले म्हणून पक्षकाराची कागदपत्रे अडकवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिला. सातबाराचा उतारा किंवा खरेदीखत परत मिळावे म्हणून खेटे घालणाऱ्या माणसासाठी हा निर्णय मोलाचा आहे.

५. तक्रार कोठे करावी?

वकिलाने गैरवर्तन केल्यास राज्य परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. तक्रारीत तथ्य वाटल्यास परिषद ती आपल्या शिस्तपालन समितीकडे सोपवते. समितीत तीन सदस्य असतात. दोन्ही बाजू ऐकून समिती तक्रार फेटाळू शकते, वकिलाला ताकीद देऊ शकते, काही काळ त्याची सनद निलंबित करू शकते किंवा त्याचे नाव नामावलीतून कायमचे काढू शकते. एका वर्षात निकाल न लागल्यास प्रकरण भारतीय परिषदेकडे जाते. राज्य समितीच्या निर्णयावर साठ दिवसांत भारतीय परिषदेकडे व त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाकडे अपील करता येते.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. वकिलांनीच निवडलेली परिषद वकिलांचाच न्याय निःपक्षपणे करील काय? ज्यांच्या मतांवर निवडून यायचे त्यांनाच शिक्षा करायची, हे अवघड काम आहे आणि त्यावर टीकाही होत आली आहे. परंतु हा अधिकार सरकारच्या हाती दिला, तर सरकारविरुद्ध उभ्या राहणाऱ्या वकिलाची सनदच धोक्यात येईल. म्हणूनच कायद्याने तो व्यवसायाकडे ठेवला आहे. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःवरही मर्यादा घालून घेतली : न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा करताना वकिलाची सनद थेट निलंबित करता येणार नाही, ते काम परिषदेचे आहे.

१४ मे २०२४ च्या निर्णयानंतर परिषदेची जबाबदारी अधिकच वाढली आहे. वकिलाच्या सेवेतील उणिवेसाठी ग्राहक आयोगाकडे जाता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी ठरवले. दिवाणी न्यायालयाचा मार्ग खुला आहे. पण सामान्य माणसासाठी परिषदेचे दार हेच सर्वांत जवळचे दार आहे. ते उघडे आणि तत्पर राहिले, तरच वकीलपत्रावर उठवलेल्या अंगठ्याची बूज राखली जाईल.

शब्दार्थ

सनद – व्यवसाय करण्याचा अधिकृत परवाना
पक्षकार – दाव्यातील व्यक्ती, वकिलाचे अशील
नामावली – नावांची अधिकृत यादी
पदसिद्ध – पदामुळे आपोआप मिळणारे (सदस्यत्व)
निलंबित करणे – काही काळापुरते थांबवणे
खेटे घालणे – पुन्हा पुन्हा फेऱ्या मारणे
बूज राखणे – मान ठेवणे

तुम्ही काय शिकलात?

• १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने देशात वकिलांचा एकच वर्ग निर्माण केला.
• नोंदणी व शिस्त यांचे काम वकिलांनी निवडलेल्या परिषदा करतात.
• सनदेसाठी पात्रता आवश्यक आहे. परंतु गरिबी, जात किंवा लिंग हा अडसर असू नये.
• सनद देण्याइतकेच, गैरवर्तन झाल्यास ती काढून घेणेही महत्त्वाचे आहे.

पाठगत प्रश्न

(अ) रिकाम्या जागा भरा.
१. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म ........ येथे झाला.
२. अधिवक्ता अधिनियमाचे कलम ३० ........ साली अमलात आले.
(आ) चूक की बरोबर ते सांगा.
१. वकिलाला दाव्यातील रकमेत वाटा घेण्याचा करार करता येतो.
२. शुल्क थकल्यास पक्षकाराची कागदपत्रे अडवता येत नाहीत.

पाठान्त प्रश्न

१. सनदेपूर्वीच्या काळातील वकिलांमधील भेद थोडक्यात लिहा.
२. ‘वकिलांचे नियमन सरकारकडे नसावे’ या विचाराच्या बाजूने व विरुद्ध प्रत्येकी दोन मुद्दे मांडा.
३. एका वकिलाने तुमच्या शेजाऱ्याची कागदपत्रे परत दिलेली नाहीत, अशी कल्पना करा. शेजाऱ्याच्या वतीने राज्य परिषदेकडे करावयाच्या तक्रारअर्जाचा मसुदा तयार करा.
४. भाषाभ्यास : संधी सोडवा – न्यायालय, विद्यार्थी, महाधिवक्ता.

उत्तरे

पाठगत प्रश्न : (अ) १. नाशिक २. २०११ (आ) १. चूक २. बरोबर
भाषाभ्यास : न्याय + आलय, विद्या + अर्थी, महा + अधिवक्ता