बादलीतला रॉड आणि बारावीचं फिजिक्स

ओहमचा नियम व्हायवात विचारला तर आपल्यापैकी कुणी अडणार नाही. पण पाणी तापवायचा रॉड कोणत्या सॉकेटला लावायचा, आणि एमसीबी असूनही शॉक का बसतो, असं विचारलं की भलेभले गप्प होतात. खरं तर उत्तरं बारावीच्या पुस्तकातच आहेत. ऊर्जा, वीज, चुंबकत्व आणि बल ही चारही प्रकरणं एका बादलीभोवती भेटतात. कशी, ते बघू.

ऊर्जा

बादलीत १५ लिटर पाणी आहे. ते २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायचंय. लागणारी उष्णता = वस्तुमान × विशिष्ट उष्णता × तापमानातला फरक, म्हणजे १५ × ४.२ × २५ = १५७५ किलोज्यूल. रॉड १५०० वॅटचा, म्हणजे सेकंदाला दीड किलोज्यूल. वेळ लागेल १०५० सेकंद, साधारण साडेसतरा मिनिटं. पाच मिनिटांत पाणी जेमतेम ७ अंशांनी तापतं, तेव्हा घाई करून उपयोग नाही. वीज जळते सुमारे ०.४४ युनिट.

वीज

१५०० ला २३० ने भागा, साडेसहा अँपिअर येतात. खोलीतलं छोटं सॉकेट ६ अँपिअरचं, म्हणजे मर्यादा ओलांडलीच. त्यात सॉकेट जुनं, पिन ढिली. समजा त्या ढिल्या जागी फक्त अर्धा ओहम रोध आहे. ज्यूलच्या नियमाने आय स्क्वेअर आर काढा: तिथे २१ वॅट उष्णता तयार होते. लॅबमधली सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते! सॉकेट काळं पडतं, प्लास्टिकचा वास येतो, तो यामुळेच. रॉडला १६ अँपिअरचंच सॉकेट हवं.

चुंबकत्व आणि बल

एमसीबीच्या आत दोन यंत्रणा असतात. एक, दोन धातूंची पट्टी. जास्त प्रवाह बराच वेळ वाहिला की ती तापून वाकते आणि सर्किट तोडते. दुसरी म्हणजे तारेचं वेटोळं आणि त्यात लोखंडी दांडा. शॉर्ट सर्किट झालं की शेकडो अँपिअर वाहतात, वेटोळ्याचं चुंबकीय क्षेत्र एकदम वाढतं, दांडा खेचला जातो आणि खटका पडतो.

आता मुख्य मुद्दा. ओल्या अंगाचा रोध १५०० ओहम धरला, तर २३० व्होल्टला शरीरातून ०.१५ अँपिअर जातील. एवढा प्रवाह काही क्षण छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो. पण १६ अँपिअरच्या एमसीबीला हा प्रवाह म्हणजे किस झाड की पत्ती! ती वायरिंग वाचवते, माणूस नाही.

मग अर्थिंग कशाला?

रॉडच्या आतलं इन्सुलेशन फाटलं आणि बाहेरच्या नळीत करंट उतरला, तर त्याला जमिनीत जायला सोपी वाट हवी. त्या वाटेचा एकूण रोध १ ओहम असेल तर २३० अँपिअर वाहतात आणि एमसीबी लगेच पडते. पण अर्थिंग वाळून, गंजून तो २० ओहम झाला तर? प्रवाह फक्त साडेअकरा अँपिअर. एमसीबी पडतच नाही आणि नळीत करंट तसाच राहतो. तीन पिनचा प्लग आहे म्हणून निर्धास्त राहू नका, ते यासाठी.

इथे आरसीसीबी कामाला येते. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकाच चुंबकीय गाभ्यातून जातात. गेलेला आणि परतलेला प्रवाह सारखा असेल तर दोन्ही क्षेत्रं एकमेकांना रद्द करतात. थोडा प्रवाह शरीरातून जमिनीत गेला की फरक उरतो, फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवल्याप्रमाणे तिसऱ्या वेटोळ्यात व्होल्टेज निर्माण होतं आणि खटका पडतो. घरगुती वापराची आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअरची असते. मात्र एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला, पाय कोरडे असले, तर तिलाही काही कळत नाही. कारण गेलेला सगळा प्रवाह परत येतो.

प्लास्टिकची बादली तर आणखी फसवी. ती इन्सुलेटर. रॉडला अर्थिंग नसेल तर पाण्यात उतरलेला करंट गुपचूप बसून राहतो. जमिनीकडे जाणारी पहिली वाट म्हणजे तुमचा हात!

तर मित्रांनो, एवढं पाळा

- रॉड आधी पाण्यात, मग स्विच चालू.
- पाणी तापलं का हे बघायला बोट घालण्याआधी स्विच बंद करा आणि प्लगही काढा.
- अर्थची पिन तोडून दोन पिनच्या सॉकेटात प्लग कोंबू नका.
- नळीला तडा किंवा भोक दिसलं तर रॉड फेकून द्या.
- रेक्टर सर आणि मेंटेनन्सच्या काकांना विनंती: आरसीसीबीचं टेस्ट बटण नियमित दाबून बघा, आणि अर्थिंगचा रोध उन्हाळ्यात, माती कोरडी असताना मोजा. पावसाळ्यात तो चांगलाच दिसतो.

परीक्षेत फॉर्म्युला चुकला तर केटी लागते, पुन्हा बसता येतं. इथे ती सोय नाही.