पाळीआधीचे आठ दिवस

गुंदच्या पंचक्रोशीतून, सुपारीच्या बागांमधून आणि उळवीच्या वाटेवरील वाड्यांतून ज्या स्त्रिया दवाखान्यात येतात, त्यांची पहिली तक्रार बहुधा कंबरदुखीची किंवा अशक्तपणाची असते. आणि रक्तदाब मोजून, औषधाची चिठ्ठी लिहून झाल्यावर, दाराकडे एकवार नजर टाकून त्या जे हळूच सांगतात, तेच पुष्कळदा खरे दुखणे असते. "डॉक्टर, महिन्यातले आठ दिवस मी माझी राहत नाही. पोरांवर हात उठतो, रडू आवरत नाही, जीव नकोसा होतो. आणि पाळी आली की दोन दिवसांत सगळे निवळते, मग केल्याची लाज वाटते."

घरची मंडळी याला स्वभाव म्हणतात, किंवा बाहेरची बाधा समजून देवळात कौल लावतात. श्रद्धेविषयी मला आदर आहे. परंतु जी बाधा पाळीआधी नेमाने येते आणि पाळी सुरू होताच ओसरते, तिचे मूळ शरीरातच शोधले पाहिजे. पाळीपूर्वीच्या या मानसिक ताणाचे वर्णन न्यूयॉर्कचे डॉक्टर रॉबर्ट फ्रँक यांनी १९३१ सालीच केले होते. त्याच्या अत्यंत तीव्र स्वरूपाला, म्हणजे पीएमडीडी या विकाराला, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत ग्रंथात स्वतंत्र निदानाचा दर्जा मिळण्यास मात्र २०१३ साल उजाडावे लागले.

या स्त्रियांच्या रक्तातील संप्रेरके तपासली तर ती इतर स्त्रियांसारखीच आढळतात, आणि 'रिपोर्ट नॉर्मल' म्हणून त्यांची बोळवण होते, याचा मला मनस्वी खेद वाटतो. दोष संप्रेरकांच्या प्रमाणात नसतो. बीजमोचनानंतर त्यांत जे स्वाभाविक चढउतार होतात, ते या स्त्रियांच्या मेंदूला सोसत नाहीत. अंडाशयाचे कार्य औषधाने काही काळ थांबवले असता अनेकींची लक्षणे मावळतात, आणि तीच संप्रेरके पुन्हा दिली असता लक्षणे अशाच स्त्रियांत परततात, इतरांत नाही, हे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले आहे.

मग निदान कसे करावे? स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेले, ज्यावर दुधाचा हिशेब आणि सिलिंडरची तारीख लिहिलेली असते, ते कालनिर्णय काढा. रोज रात्री त्या दिवसाच्या चौकटीत मन बरे असल्यास टिंब, चिडचीड वा रडू आल्यास फुली, जगणे नकोसे वाटल्यास दोन फुल्या, आणि पाळीच्या दिवशी गोल, एवढेच पेन्सिलीने करा. दोन पाळ्यांची ही नोंद जो पुरावा देते, तो कोणत्याही रक्ततपासणीत मिळत नाही. एका बाईंनी आणलेल्या पानांवर फुल्यांची रांग गोलापाशी येऊन तुटत होती. त्यांच्या यजमानांनी ते पान बराच वेळ हातात धरले, आणि त्यानंतर 'हिचा स्वभावच असा' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकले नाही. फुल्या महिनाभर पसरलेल्या असतील, तर मामला निराळा. तेव्हा नैराश्य, थायरॉईड आणि रक्तक्षय यांचा शोध घ्यावा लागतो.

या विकारावर औषधे आहेत. नैराश्यावरील सर्ट्रालीन किंवा फ्लुऑक्सेटीन यांसारख्या गोळ्या येथे आठवड्यांत नव्हे, पुष्कळदा काही दिवसांतच गुण देतात. काहींना त्या पाळीआधीचे चौदा दिवसच घ्याव्या लागतात, आणि त्यांचे व्यसन लागत नाही. काहींना विशिष्ट गर्भनिरोधक गोळ्यांनी आराम पडतो. मात्र रक्तदाब किंवा अर्धशिशी असल्यास तसे आधी सांगावे. सौम्य तक्रारींत कॅल्शियमचा उपयोग होतो, आणि शंभर ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. व्यायामाचा उपदेश मी दिवसभर बागेत राबणाऱ्या बाईला करणार नाही. तिला झोप हवी. आपल्याकडील 'बाहेर बसण्याच्या' रीतीमुळे कामातून सुटका झालीच, तर ती पाळी आल्यावर होते; या विकारात विसाव्याची निकड असते ती आधीच्या आठवड्यात, आणि तेव्हा तिच्या डोक्यावर पाण्याची घागर असते.

ज्यांच्या पानावर दोन फुल्या उमटल्या असतील, त्यांनी दोन महिने पुरे होण्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी घरातील एका माणसाला सांगावे, दवाखाना गाठावा, आणि रात्री-अपरात्री १४४१६ या टेली-मानसच्या विनामूल्य क्रमांकावर, जेथे रेंज मिळेल तेथून, बोलावे. सासूबाईंना आणि यजमानांना माझी विनंती एवढीच की, सुपारीवर फवारण्यासाठी आणलेले मोरचूद आणि बागेची इतर विषारी औषधे पडवीत उघडी न ठेवता कुलपात ठेवावीत, आणि त्या आठ दिवसांत किल्ली स्वतःच्या कनवटीला लावावी.