देणगी देताना

चि. भाचीस,

दर महिन्याला हजार रुपये दानासाठी बाजूला काढायचे ठरवलेस, याचा मनापासून आनंद झाला. पण ते दहा-पंधरा संस्थांत वाटण्याचा तुझा बेत मला पटत नाही. ‘जिचा कार्यालयीन खर्च कमी ती संस्था चांगली’ ही तुझी कसोटी तर मुळीच पटत नाही. पैसा कोणत्या खात्यावर पडला हे नंतर बघ. त्यातून कुणाचे काय बदलले, ते आधी विचार.

गडचिरोलीचे उदाहरण घे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांत तिथल्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले: बाळाला ऊब देणे, आजार ओळखणे, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शन देणे. ही सोय नसलेल्या ४७ गावांतल्या जन्ममृत्यूंचीही नोंद ठेवली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले, तेव्हा त्या गावांच्या तुलनेत नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटलेला दिसला. पुढे घरी जाऊन काळजी घेण्याची ही पद्धत सरकारने आशा सेविकांमार्फत देशभर नेली. यात प्रशिक्षण, देखरेख, मानधन आणि नोंदी यांवर पैसा लागतो, आणि हिशेब वरवर चाळणारा नेमक्या त्याच खर्चाला ‘वरचा’ म्हणून नाके मुरडतो. याउलट केनियातल्या ग्रामीण शाळांचे पाहा. तिथे मुलांना पाठ्यपुस्तके फुकट वाटली. देणगीदाराला याहून स्वच्छ खर्च कोणता वाटेल? पण अर्थतज्ज्ञ मायकल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासले तेव्हा सरासरी गुणांत वाढ आढळली नाही. फायदा झाला तो आधीच हुशार असलेल्या मुलांना.

तू म्हणशील, लहान संस्थेने असले संशोधन कुठून करायचे? ते मागूही नकोस. तुम्ही काय मोजता आणि गेल्या वर्षी काय जमले नाही, एवढेच विचार. सरळ उत्तर देणारी संस्था विश्वासाची. फसवणुकीची भीती मात्र रास्त आहे. म्हणून नोंदणी आणि लेखापरीक्षित हिशेब बघच. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासांवर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. करसवलत मिळाली तर उत्तम, पण तिच्यासाठी संस्था निवडू नकोस.

आणि दारात आलेल्या गरजवंताचे काय? पूर आला, शेजारी आजारी पडला, तर हिशेब मांडत बसू नये. शंभर-दोनशे रुपये त्यासाठी राखून ठेव. उरलेले एका किंवा फार तर दोन संस्थांना दे, दर महिन्याला, निदान तीन वर्षे. ‘फक्त वह्यांसाठी’ अशी अटही घालू नकोस. कार्यकर्तीचे पुढच्या वर्षीचे मानधन नक्की देता येईल, एवढी खात्री संस्थेला ठरावीक देणगीतूनच मिळते. पंधरा ठिकाणी एकेकदा दिलेल्या सत्तर रुपयांतून ती मिळत नाही.

या महिन्यात तुझ्या यादीतल्या तीन संस्थांचे वार्षिक अहवाल मागव, नीट वाच आणि कोणती निवडलीस ते कारणांसह मला लिही.

तुझा,
मामा