बुशभोवती गुंडाळलेला पत्रा

माझ्या पद्मिनीच्या पुढच्या चाकांकडून येणारा खडखडाट गाडी जुनी झाली म्हणून येत नव्हता. लोअर आर्मचे नवे बुश बसवल्यावर तो सुरू झाला, हे मी पहिल्यापासून सांगत होतो. गॅरेजवाल्याने ऐकलं नाही, बुश देणाऱ्या नागपूरच्या दुकानदाराने तर बोलता बोलता फोन ठेवून दिला. आता पुरावा हातात आहे, म्हणून लिहितो आहे. यवतमाळ, चंद्रपूर, वर्धेकडे अजूनही पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर जपून ठेवलेले लोक आहेत, निदान त्यांचे पैसे तरी वाचावेत.

जुने बुश गेलेच होते, याबद्दल वाद नाही. रबर आतून फाटलं होतं आणि ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढायची. मी जुना नमुना सोबत घेऊनच दुकानात गेलो. दुकानदाराने फळीवरून पाकिटं काढली, वर पद्मिनीचं चित्र, आत कंपनीचं नाव नाही की बनवल्याची तारीख नाही. मी व्हर्निअर मागितला. त्यावर तो म्हणाला, "काकाजी, बुश म्हंजे बुश. त्यात मोजाचं काय राहते?" ओरिजनल आहे का विचारलं तर "ओरिजनलच समजा." पक्कं बिल मागितलं तर जीएसटी वेगळा लागेल म्हणाला आणि चिठ्ठीवर नुसतं 'बुश सेट' लिहून दिलं. काउंटरवर मागे दुसरं गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्याकडे बघत बघत माझ्याशी बोलणं चाललं होतं.

असल्या मालाला बाजारात जागा का झाली, तेही सांगतो. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आणली, तीच पुढे पद्मिनी झाली. तिचं उत्पादन थांबून वीस वर्षं उलटून गेली, तरी मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींमुळे सुट्या भागांना रोजचं गिऱ्हाईक होतं. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावर राहिली नाही. आता पाकिटात मिळतं ते एक तर गोदामात पडून राहिलेलं जुनं, नाही तर कुणीतरी अंदाजाने साचा करून पाडलेलं. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. हवेतला ओझोन आणि उष्णता त्याला खातात, आणि आमच्याकडचा उन्हाळा तर जगजाहीर आहे. त्यामुळे 'जुना स्टॉक आहे, खरा माल आहे' हे ऐकून खूश होण्यात अर्थ नाही. बुश हातात घेऊन अंगठ्याने दाबा, वाकवून बघा. पृष्ठभागावर बारीक भेगा उघडल्या तर तो ओरिजनल असला तरी आपल्या कामाचा नाही.

बुश आमच्या वणीतच बसवले. पहिल्याच आठवड्यात घुग्घुस रोडवर आवाज सुरू झाला. गॅरेजवाल्याने आधी शॉकअप बदलायला लावले. मग किंग पिनवर संशय घेतला. पुढचे टायर आतल्या कडेने घासायला लागले तेव्हा टायर खराब निघाले म्हणाला. शेवटी त्याचं ठरलेलं उत्तर आलं: "वणीचे रस्तेच तसे आहेत, काकाजी." रस्ते तसे आहेतच. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलिच्या) खाणींतून निघणाऱ्या कोळशाच्या ट्रकांनी त्यांची काय दशा केली ते इथल्या कुणाला वेगळं सांगायला नको. पण जुने बुश याच रस्त्यांवर, याच ट्रकांच्या मागे वर्षानुवर्षं चालले होते. मग नवे महिन्याभरात कसे गेले? हा साधा प्रश्न मी विचारला की तो पाना घेऊन दुसऱ्या गाडीखाली सरकायचा.

चंद्रपूरच्या एका जुन्या मिस्त्रीने गाडी जॅकवर घेतली आणि लोअर आर्मच्या सांध्यात टॉमी घालून हलकेच दाब दिला. धातूच्या बाहेरच्या नळीसकट अख्खा बुश आर्मच्या भोकात सरकला. रबर दबायला हवं होतं, नळी जागची हलायलाच नको होती. त्याने आर्म उतरवला, बुश तर हातानेच निघाला. त्याच्याभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळलेली होती. कात्रीने कापलेली, कड वाकडी, एका टोकाला घडी. पुसल्यावर तिच्यावर निळा छाप दिसला, कुठल्या तरी ऑइलच्या डब्यावरचं अर्धं अक्षर. बुश भोकापेक्षा बारीक होता, म्हणून डबा कापून तो घट्ट केला होता. दुसऱ्या बाजूलाही तेच. माझ्या गाडीचं पुढचं चाक इतके दिवस डब्याच्या पत्र्यावर तोललेलं होतं, आणि मला नवे टायर घ्यायला सांगत होते.

मी ती पट्टी वणीच्या गॅरेजवाल्यासमोर ठेवली. तो शांतपणे म्हणाला, "पत्रा नसता टाकला तं बुश बसलाच नसता." मग मला सांगायचं होतं, मी म्हणालो. "तुमाले सांगून काय होनार होतं?" हे उत्तर मी विसरणार नाही. दुकानदाराला विचारलं तर लागलेला माल परत होत नाही म्हणे, आणि पत्रा त्याने थोडाच लावला! दोघंही एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे.

म्हणून पहिली गोष्ट, मोजमाप. आर्म साफ करून भोकाचा आतला व्यास, बुशचा बाहेरचा व्यास, लांबी आणि मधल्या नळीचा बोल्टसाठीचा व्यास, सगळं व्हर्निअरने घ्या. जुना बुश झिजलेला असतो, त्याच्यावर विसंबू नका. बुश भोकापेक्षा किंचित मोठा असायला हवा, प्रेसने दाबून बसला पाहिजे. भोकच झिजलं असेल तर लेथवर त्याच मापाची बाहेरची नळी वळवून घ्या. मधल्या नळीत बोल्ट घालून पिळा. रबर पिळवटलं पाहिजे, नळी आत घसरता कामा नये. घसरली तर रबर नुसतं कोंबलेलं आहे.

मला पीयूचे लाल बुशही 'लाइफटाइम' म्हणून दाखवले होते. पॉलियुरेथेन वाईट नाही. शर्यतीच्या गाड्यांना ते लावतात, कारण ते कडक असतं आणि चाक इकडेतिकडे होऊ देत नाही. पण ते रबरासारखं पिळवटत नाही, आतल्या नळीवर फिरतं. त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं, आणि कोळशाची धूळ आत गेली की ते करकरायला लागतं. खड्ड्याचा दणकाही थेट बॉडीत जातो. पद्मिनीला वेगळी चासी नाही, दणका खाणारा पत्रा तिचाच आहे. आमच्या भागात रोज चालणाऱ्या गाडीला चांगलं रबरच लावावं, असं माझं ठाम मत आहे. मागच्या पाट्यांच्या शॅकल बुशनाही तेच लागू.

आता बसवण्याबद्दल, कारण इथे चांगला बुशही मारला जातो. दाब बाहेरच्या नळीवर द्यायचा, रबरावर किंवा मधल्या नळीवर नाही. हातोडा तर मुळीच नको. सरकवायला साबणाचं पाणी वापरा, इंजिन ऑइल आणि साधं ग्रीस रबर फुगवतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे माझ्या गाडीत केलं गेलं नाही: बोल्टचं शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर टेकून, गाडीचं वजन पडल्यावरच. जॅकवर चाक लटकत असताना आवळलं की गाडी खाली येताच रबर पिळवटतं, आणि मग उभ्या गाडीतही ते कायम ताणलेलं राहतं. ते फाटणारच. गाडीखाली हात जात नाही म्हणून मिस्त्री हे टाळतात. रॅम्प असलेलंच गॅरेज शोधा आणि आवळताना स्वतः उभे राहा. दोन्ही बाजू एकदमच बदला, त्यानंतर अलाइनमेंट करून घ्या. चांगला मिस्त्री जपा, गाडी वेळोवेळी तपासत राहा, हे वेगळं सांगायला नको.

बिल मात्र पक्कंच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. त्यावर गाडीचं नाव आणि कोणत्या जागेचा बुश तेही लिहून घ्या. ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही सांगता येतं, पण कागद नसेल तर समोरचा सरळ 'हा माल माझा नाही' म्हणतो. माझ्याकडे 'बुश सेट' लिहिलेली चिठ्ठी, चित्राचं पाकीट आणि दोन्ही पट्ट्या आहेत, चंद्रपूरच्या मिस्त्रीने काय सापडलं ते लिहून सहीही दिली आहे. यवतमाळला वकिलांना कागद बघायला देऊन आलो आहे. गॅरेजवाल्याला कळलं तेव्हा त्याने निरोप पाठवला की शॉकअपचे पैसे परत देतो. टायरचं नाव त्याने अजून काढलेलं नाही.