घटक ५ : कलावंताचा हिवाळा – दिनक्रम, लहान सुखे आणि निर्मिती

५.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• कलावंताचा दिनक्रम आणि त्याची निर्मिती यांतील नाते सांगता येईल.
• सातारा-सांगली परिसरातील हिवाळ्याच्या संदर्भात या नात्याची उदाहरणे देता येतील.
• ललित गद्यातील ‘लहान सुख’ आणि ‘स्मरणरंजन’ यांतील भेद स्पष्ट करता येईल.

५.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, कलावंत म्हटले की प्रतिभेचा अचानक स्पर्श, रात्रीची जागरणे आणि व्यवहाराचा विसर असे चित्र आपल्या मनात उभे राहते. हे चित्र सर्वस्वी खोटे नाही. परंतु अपुरे आहे. बहुतेक कलाकृती रोजच्या दिवसात, रोजच्या कामांच्या सोबतीने घडतात. नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून शिक्षण घेणाऱ्या तुमच्यासारख्या अभ्यासकाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. प्रस्तुत घटकात आपण माणदेशाशी नाते असलेल्या तीन कलावंतांच्या आधारे कलावंताच्या साध्या दिवसाचा विचार करणार आहोत. त्यासाठी ऋतू निवडला आहे तो हिवाळ्याचा.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ प्रदेश आणि ऋतू

माणदेश हा माण नदीच्या परिसरातील पर्जन्यछायेचा प्रदेश होय. आज त्याचा काही भाग सातारा जिल्ह्यात, तर आटपाडीसारखा भाग सांगली जिल्ह्यात येतो. ही विभागणी फार जुनी नाही. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला ‘सांगली’ हे नाव मिळाले. त्यापूर्वी औंध आणि आटपाडी ही दोन्ही ठिकाणे एकाच औंध संस्थानात होती. म्हणूनच पुढील तिन्ही कलावंत सांस्कृतिक दृष्ट्या एकाच अंगणातले ठरतात.

येथील हिवाळा म्हणजे शाळूचा हंगाम. मार्गशीर्ष-पौषात कणीस दुधात येते. बांधावर आगटी पेटते, निखाऱ्यात भाजलेली कणसे तळहातावर चोळली जातात आणि गरम हुरडा शेंगदाण्याच्या किंवा तिळाच्या चटणीबरोबर खाल्ला जातो. हरभऱ्याचे घाटे, बोरे, बाजरीची भाकरी, अंगावर घोंगडी आणि पहाटेची शेकोटी ही या ऋतूची सुखे. कृष्णाकाठी याच दिवसांत गुऱ्हाळांवर काकवीचा वास दरवळतो. माणदेशात मात्र पाण्याअभावी ऊस दीर्घकाळ दुर्मीळच राहिला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शाळू पेरला जातो तो परतीच्या पावसाच्या भरवशावर. हस्ताचा पाऊस चुकला तर पेरणी चुकते, आणि पौषात आगटी पेटतच नाही. माणदेशातील लहान सुख हे असे अनिश्चित असते. ते गृहीत धरता येत नाही, म्हणूनच ते मोलाचे वाटते.

५.२.२ औंध : नित्यनेम आणि कला

औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार होते. सूर्यनमस्कारांचे ते केवळ पुरस्कर्ते नव्हते. तो त्यांचा नित्यनेम होता. राज्यकारभाराच्या व्यापातही त्यांनी चित्रकला सोडली नाही. रामायणातील प्रसंगांवर त्यांनी चित्रमालिका रंगविली, तसेच भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसाठी चित्रे काढली. १९३८ मध्ये त्यांनी यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारले. राजा रविवर्मा यांच्या चित्रांपासून हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराच्या माता-बालक शिल्पापर्यंतचा संग्रह एका छोट्या संस्थानच्या गावी पाहावयास मिळतो.

औंधच्या उदाहरणावरून असे दिसते की, नित्यनेम हा कलेचा शत्रू नाही. ठरलेल्या वेळी ठरलेले काम करण्याची सवय शरीराप्रमाणे हातालाही लागते.

५.२.३ माडगूळ : ‘बामणाचा पत्रा’

ग. दि. माडगूळकर (१९१९–१९७७) यांचे बालपण आटपाडीजवळच्या माडगूळ गावी गेले आणि शालेय शिक्षणाचा काही काळ औंधला गेला. पुढे चित्रपटव्यवसायाने त्यांना कोल्हापूर, पुणे, मुंबई अशा शहरांत नेले. तरीही माडगूळच्या शेतातील पत्र्याच्या छपराची एक साधी खोली त्यांच्या लेखनाशी कायमची जोडली गेली. गावकरी तिला ‘बामणाचा पत्रा’ म्हणत. शहरातील धावपळीतून येऊन ते तेथे लेखन करीत. ज्या लेखकाच्या शब्दांवर मोठमोठे चित्रपट उभे राहिले, त्याला लेखनासाठी लागली ती अशी साधी जागा!

दुसरे उदाहरण ‘गीतरामायणा’चे. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजी सुरू झालेली ही मालिका एप्रिल १९५६ पर्यंत चालली आणि तीत ५६ गीते सादर झाली. सुधीर फडके यांचे संगीत तिला लाभले. आठवड्याला सरासरी एक नवे गीत, असा हा क्रम होता. त्यात उन्हाळा आला, पावसाळा आला, थंडीचे चार महिनेही आले. स्फूर्तीची वाट पाहत बसण्याची सवड या कामात नव्हती. ठरलेल्या मुदतीत लिहिलेली कविता कसदार असू शकते, याचा हा ठसठशीत पुरावा होय.

५.२.४ व्यंकटेश माडगूळकर : पेन्सिल आणि लेखणी

गदिमांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) हे कथाकार, कादंबरीकार आणि चित्रकारही होते. तरुण वयात त्यांनी काही काळ खेड्यात शिक्षकाचे काम केले. रेखाटने करण्याची सवय त्यांच्या गद्यातही उतरलेली दिसते. चित्रकार एखाद्या माणसाचे रेखाटन करतो तेव्हा तो सर्व तपशील टिपत नाही. नेमक्या चार रेषा निवडतो. ‘माणदेशी माणसे’ (१९४९) या संग्रहातील व्यक्तिचित्रे याच रीतीची आहेत. माणसाचे चालणे, बोलणे, त्याचे एखादे हत्यार किंवा कपडा, एवढ्यातून अख्खे आयुष्य सूचित होते.

‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीत धनगरांच्या वस्तीवर आलेला तरुण शिक्षक तेथील साध्या जीवनात हळूहळू सामावत जातो. कादंबरीचा शेवट मात्र दुष्काळाने होतो; माणसे आणि मेंढरे वस्ती सोडून जातात. लहान सुखांचे चित्रण करणाऱ्या लेखकाने ती नाहीशी होण्याची शक्यताही नजरेआड केलेली नाही.

५.२.५ लहान सुख आणि स्मरणरंजन

ग्रामीण हिवाळ्याचे वर्णन करताना लेखकापुढे एक धोका असतो. हुरडा, शेकोटी, चांदणे यांची यादी केली की वाचक सुखावतो; पण त्या शेतात राबणारे हात दिसेनासे होतात. यालाच आपण स्मरणरंजन म्हणतो. शहरात स्थिरावलेल्या माणसाला गावाकडची थंडी आठवते, तेव्हा उसाच्या फडात पहाटे कोयता चालवणाऱ्या मजुराची थंडी त्याला आठवतेच असे नाही.

याउलट, ज्या लेखनात सुखाबरोबर त्याची किंमतही दिसते, ते लेखन जीवनाला प्रामाणिक राहते. मग गरिबीचे गोडवे गायचे नाहीत म्हणून सुखाचे वर्णनच टाळावे काय? तसेही नाही. कष्टकरी माणूस सुख उपभोगत नाही असे दाखविणे हाही त्याच्यावरील अन्यायच होय. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात नांदू शकतील अशी भाषा शोधणे, ही ललित लेखकाची खरी कसोटी आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१) सांगली जिल्ह्याचे पूर्वीचे नाव काय होते?
२) ‘गीतरामायण’ मालिकेत किती गीते सादर झाली?
ब) योग्य की अयोग्य ते सांगून कारण द्या.
१) नित्यनेमामुळे कलानिर्मिती कुंठित होते.
२) माणदेशात हुरड्याचे सुख दरवर्षी निश्चित असते.

५.३ सारांश

कलानिर्मिती ही दैनंदिन जीवनापासून तुटलेली नसते. औंधच्या राजाचा नित्यनेम, गदिमांची पत्र्याची खोली आणि मुदतीतील लेखन, तसेच व्यंकटेश माडगूळकरांची रेखाटनाची दृष्टी यांतून हे स्पष्ट होते. ऋतूतील लहान सुखे कलावंताचे निरीक्षण जागे ठेवतात; परंतु त्या सुखांमागील कष्ट आणि अनिश्चितता यांचे भान सुटले, तर लेखन स्मरणरंजनात अडकते.

५.४ शब्दार्थ

आगटी – कणसे भाजण्यासाठी शेतात केलेली विस्तवाची जागा
शाळू – रब्बी हंगामातील ज्वारी
घाटे – हरभऱ्याच्या दाणे भरलेल्या शेंगा
काकवी – उसाचा रस आटवताना गूळ होण्यापूर्वी मिळणारा दाट पाक

५.५ सरावासाठी स्वाध्याय

१) ‘लहान सुख’ आणि ‘स्मरणरंजन’ यांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.
२) चित्रकाराची दृष्टी गद्यलेखनाला कशी उपकारक ठरते, ते ‘माणदेशी माणसे’च्या आधारे लिहा.

५.६ क्षेत्रीय कार्य

तुमच्या परिसरातील कुंभार, घोंगडी विणणारे कारागीर, भजनी कलावंत किंवा वादक यांपैकी एकाच्या हिवाळ्यातील एका दिवसाचे निरीक्षण करा. त्यांची परवानगी घेऊनच नोंदी घ्या. ते कधी उठतात, काम कोणत्या क्रमाने करतात, मध्ये कशासाठी थांबतात आणि कोणत्या गोष्टीने सुखावतात, हे टिपा. नंतर या नोंदींवरून सुमारे ३०० शब्दांचे व्यक्तिचित्र लिहा. लिहून झाल्यावर ते त्याच व्यक्तीला वाचून दाखवा. आपले आयुष्य त्यात ओळखू येते काय, हे त्यांनाच विचारा.